मुलगी डॉर्मवर जाण्याआधी

प्रश्न : मुलगी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला कॉलेजला चालली आहे. मुलगा दोन वर्षांपूर्वीच गेला, त्याची काही चिंता नव्हती. हिची मात्र वाटते. लैंगिक संबंध, संमती असल्या विषयांवर घरात कधी बोललोच नाही. सुरुवात कशी करू?

ताई, सुरुवात दोघांना एकत्र बसवून करा. मुलाची चिंता नव्हती, असं तुम्ही लिहिलंत. पण संमती म्हणजे काय, हे त्यालाही तितकंच कळायला हवं. न्यूयॉर्कमधल्या कॉलेजांसाठी 2015 पासून कायदाच आहे : गप्प राहणं किंवा प्रतिकार न करणं म्हणजे होकार नव्हे. भान हरपेल इतकी प्यायलेली व्यक्ती होकार देऊच शकत नाही. दिलेला होकार केव्हाही मागे घेता येतो. आणि जबरदस्ती मुलग्यांवरही होते, हेही त्याला सांगा.

आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. आपल्याकडची कितीतरी मुलं घरच्यांच्या धास्तीने गप्प बसतात. ‘पार्टीला गेलीसच कशाला?’ हे ऐकावं लागेल, याची ती धास्ती. म्हणून तिला आत्ताच सांगून ठेवा : ‘तू प्यायलेली असलीस, कुणाच्या खोलीवर असलीस, तरी फोन कर. मी फक्त तू सुखरूप आहेस का, एवढंच विचारेन.’ अत्याचाराची तक्रार प्रामाणिकपणे करणाऱ्या विद्यार्थ्यावर दारू प्यायल्याबद्दल कॉलेजला कारवाई करता येत नाही, असं हाच कायदा म्हणतो. मग आईबापांनी तरी का करावी?

मदत कुणाकडे मागायची, हेही तिला ठाऊक हवं. कॉलेजचे समुपदेशक गोष्ट स्वतःपाशी ठेवतात. वसतिगृहाच्या मजल्यावर देखरेख करणाऱ्या विद्यार्थ्याला, म्हणजे आरएला, मात्र बहुतेक ठिकाणी ती टायटल नाइनच्या, म्हणजे लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी पाहणाऱ्या, ऑफिसला कळवावी लागते. अत्याचारानंतर पुरावे गोळा करण्यासाठी हॉस्पिटलमध्ये होणारी तपासणी मोफत असते, त्यासाठी पोलिसांत जायची अट नाही. पुरावे 20 वर्षं जपून ठेवतात, त्यामुळे तक्रारीचा निर्णय सावकाश घेता येतो. एचआयव्ही टाळणारी औषधं मात्र 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात.

अजून एक. ती तुमच्या विम्यावर असेल, तर तिच्या तपासण्यांचा तपशील तुमच्या पत्त्यावर येऊ शकतो. तेवढ्या भीतीने मुलं लैंगिक आजारांची साधी तपासणीही टाळतात. कागद आला तरी विचारणार नाही, असं तिला सांगा. आणि आला, तर खरंच विचारू नका.