दोन फुटांची टाकी आणि सहा जातींची यादी

प्रश्न थोडक्यात असा: टाकी ६० × ३० × ३० सेंमी, पाणी भरून चार दिवस झाले, फिल्टर चालू आहे. त्यात २ गोल्डफिश, ४ निऑन टेट्रा, ४ गप्पी, २ एंजल, १ फायटर आणि काच साफ ठेवायला १ सकर सोडायचा आहे. हे आपापसांत भांडतील का?

काही नक्की भांडतील. पण त्याआधी ते एकाच पाण्यात राहू शकतात का आणि मोठे झाल्यावर या टाकीत मावतात का, हे बघायला हवं. या दोन चाळण्यांतूनच तुमची यादी अर्ध्याहून खाली येते.

आधी टाकी. लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार ५४ लिटर येतो, पण तळाला तीन सेंमी वाळू आणि वर तीन सेंमी मोकळी जागा सोडली की प्रत्यक्ष पाणी ४३ लिटरच्या आसपास उरतं. दगड, लाकूड ठेवलं तर आणखी कमी. सगळा हिशोब या ४३ लिटरवर करायचा.

'माशाच्या इंचाला अमुक लिटर' हा नियम सगळीकडे सांगितला जातो, पण तो फक्त लहान, सडपातळ माशांना लागू पडतो. लांबी चौपट झाली की वजन साधारण ६४ पट होतं, आणि घाण वजनाप्रमाणे होते. ३ सेंमीचे चार निऑन आणि १२ सेंमीचा एक गोल्डफिश यांची लांबी बेरजेत सारखीच भरते. पाण्याला पडणाऱ्या भारात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आता यादी.

गोल्डफिश काढा. दुकानात तो ४-५ सेंमीचा दिसतो, पण नीट वाढला तर गोलमटोल जातीचासुद्धा १५ सेंमीच्या पुढे जातो. त्याला १८ ते २२ अंशांचं पाणी मानवतं, बाकीच्या बहुतेकांना २४-२६ लागतं. शिवाय तो दिवसभर तळ उकरत असतो आणि तोंडात मावेल ते खातो. निऑनही त्यात आला.

एंजल काढा. पाठीवरच्या पराच्या टोकापासून पोटाखालच्या पराच्या टोकापर्यंत त्याची उंची २० सेंमीच्या वर जाते, आणि तुमच्या टाकीत पाणीच २४ सेंमी आहे. निऑनचा आकार त्याच्या निसर्गातल्या खाद्याएवढाच. सुरुवातीचे काही महिने सगळं गोडीगुलाबीत चालतं, मग एकेक निऑन रात्रीतून कमी व्हायला लागतो. मेलेला मासा सापडत नाही, कारण तो गिळलेला असतो. दोन एंजलची जोडी जमली आणि त्यांनी अंडी घातली तर अर्धी टाकी ते स्वतःच्या नावावर करतात.

सकर काढा. हा बहुतेक वेळा फूटभर किंवा त्याहून मोठा होणारा प्लेको असतो. काच साफ करतो त्याच्या कितीतरी पट विष्ठा टाकतो, आणि वाढल्यावर शेवाळाकडे ढुंकूनही बघत नाही. पोट भरलं नाही तर रात्री संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर खरवडतो. शेवाळ आटोक्यात ठेवायचं तर दिवा सहा-सात तासच लावा, टाकी उन्हात ठेवू नका आणि काच स्पंजने पुसा. 'चायनीज अल्गी ईटर' हा पर्याय म्हणून सुचवला जातो. तोही घेऊ नका, तो मोठा होतो आणि भयंकर तापट निघतो.

फायटर आणि गप्पी यांच्यापैकी एकच ठेवा. नर गप्पीची मोठी रंगीत शेपटी फायटरला दुसऱ्या फायटरसारखी दिसते. तो कल्ले फुगवतो, मागे लागतो, आणि सकाळी गप्पीच्या शेपटीच्या कडा कात्रीने कातरल्यासारख्या दिसतात. त्या जखमांवर मग बुरशी धरते. कधी उलटंही होतं: चपळ मासे फायटरचे लांब पर कुरतडतात आणि तो कोपऱ्यात आकसून बसतो.

राहिले निऑन आणि गप्पी. हे भांडत नाहीत, मात्र त्यांना वेगवेगळं पाणी आवडतं. गप्पी आणि त्याचे भाऊबंद मॉली, प्लॅटी यांना जड (क्षार जास्त असलेलं), किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं, पीएच ७ ते ८. निऑनला मऊ आणि जरा आम्लधर्मी. जड पाण्यात निऑन लगेच मरत नाहीत, फिके पडतात आणि लवकर आजारी होतात. मऊ पाण्यात मॉली जागच्या जागी अंग हलवत राहते, पुढे सरकतच नाही, पर अंगाशी मिटलेले. लोक याला रोग समजून औषध ओततात. औषधाने काहीच फरक पडत नाही, कारण बिघाड पाण्यात आहे.

म्हणून मासे ठरवण्याआधी नळाच्या पाण्याचा पीएच आणि जीएच (पाणी किती जड आहे त्याचा आकडा) मोजा. पाणी बादलीत २४ तास ठेवून मग मोजा, लगेच मोजलं तर पीएच फसवा येतो. पाण्याचा गुण बदलणाऱ्या रसायनांच्या मागे लागू नका. पीएच वर-खाली करणाऱ्या बाटल्यांनी तो दोन दिवसांत परत मूळ जागी येतो आणि हे झोके माशांना स्थिर ७.८ पेक्षा जास्त त्रास देतात. जे पाणी आहे त्यात राहणारा मासा निवडणं हाच सोपा मार्ग.

जीएच १० च्या वर असेल तर ६ नर गप्पी किंवा ५ नर प्लॅटी, सोबत २ नेराइट गोगलगायी. फक्त नरच घ्या. मादी दुकानातूनच गाभण येते, साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते आणि साठवलेल्या बीजावर नराशिवाय पुढचे काही महिने देत राहते. चार महिन्यांत ४३ लिटरमध्ये पन्नास मासे, हे अजिबात अतिशयोक्त नाही. नर-मादी दोन्ही हवेच असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकाच मादीचा पिच्छा पुरवून तिला मारतात. नेराइटची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत, त्यामुळे त्यांची संख्या वाढत नाही. काचेवर अंड्यांचे पांढरे ठिपके मात्र चिकटवतात, ते सहन करायचे.

पाणी मऊ ते मध्यम असेल तर माझी पसंती ही: ८ हार्लेक्विन रासबोरा, ६ पिग्मी कोरी आणि १ हनी गुरामी. रासबोरा मध्यभागी फिरतात, कोरी तळाजवळ, गुरामी वरच्या थरात. तिघांनाही २४-२६ अंश चालतात आणि कोणाचंही तोंड दुसऱ्याला गिळण्याइतकं मोठं नाही. रासबोराऐवजी ८-१० एम्बर टेट्रा चालतील. गुरामीच्या जागी एक फायटरही चालू शकतो, पण थोडा जुगार आहे. काही फायटर शांत असतात, काही अजिबात नसतात, आणि हे विकत घेताना कळत नाही. तो बिथरला तर हलवायला दुसरं भांडं तयार हवं.

थव्याने राहणारे मासे चार घेऊन भागत नाही. सहा ही किमान संख्या, आठ बरी. दोन-तीन टेट्रा किंवा बार्ब एकटे पडले की एक तर भेदरून झाडांमागे लपतात, नाहीतर इतरांना टोचत बसतात. टायगर बार्ब मोठ्या थव्यात आपापसांत दंगा करतात. तीनच ठेवले तर तो सगळा दंगा दुसऱ्यांच्या शेपटीवर निघतो. तीन जातींचे दोन-दोन मासे घेण्यापेक्षा एकाच जातीचे आठ घ्या.

कोरी ठेवणार असाल तर तळाला बारीक गुळगुळीत वाळूच हवी. धारदार खडीवर त्यांच्या मिशा घासून घासून खुंट होतात आणि तिथे जंतू शिरतात. कोरी मधूनच सुसाट वर येऊन हवा गिळतो ते नैसर्गिक आहे, दर मिनिटाला जायला लागला तर मात्र पाणी तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: चार दिवसांची टाकी अजून तयार नाही. पाणी स्वच्छ दिसणं आणि टाकी तयार असणं यांचा काही संबंध नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, एक जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर वसायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. अमोनिया कल्ले जाळतो, नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतं. 'नवीन मासे दहाव्या दिवशी पटापट मेले' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

मासे न सोडता हे करता येतं. सुगंध किंवा साबण नसलेला साधा अमोनिया घालून पातळी २ पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन भाग) न्या, थेंबांच्या टेस्ट किटने दर दोन दिवसांनी मोजा, संपला की पुन्हा घाला. २ पीपीएम घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. मग ७०-८० टक्के पाणी बदला आणि मासे आणा. या काळात पाण्यात क्लोरीन जाऊ देऊ नका, डीक्लोरिनेटर घालूनच पाणी ओता. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतलात तर सगळी मेहनत वाया. टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा.

फिल्टर ताशी २०० लिटरच्या आसपासचा पुरे, तोही प्रवाह कमी करता येईल असा. फायटर आणि गुरामीला जोराचं पाणी सोसत नाही. हीटर ५० वॉटचा.

सोडण्याचा क्रम: आधी रासबोरा, दोन आठवड्यांनी कोरी, गुरामी सर्वांत शेवटी. जो मासा जागेवर हक्क सांगतो तो नेहमी शेवटी जातो, नाहीतर तो आधीच घरमालक होऊन बसतो. प्रत्येक टप्प्यानंतर आठवडाभर अमोनिया मोजत राहा. निऑनच हवे असतील तर मऊ पाण्याच्या टाकीत रासबोराऐवजी घ्या, पण टाकी दोन-तीन महिने मुरल्यावर.

दुकानात ज्या टाकीतून मासा घेणार त्या टाकीकडे दोन मिनिटं नुसतं बघत उभे राहा. एक जरी मासा मेलेला असेल, अंगावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील, पर मिटलेले असतील, तर त्या टाकीतलं काहीही घेऊ नका. मासे खाद्य खाताना दाखवा, असं दुकानदाराला म्हणावं.

घरी आणल्यावर टाकीचा दिवा बंद. पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग दर पाच-सात मिनिटांनी टाकीतलं अर्धा कप पाणी पिशवीत, चार-पाच वेळा. मासा जाळीने उचलून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. त्या दिवशी खाद्य नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमूटभर, दीड-दोन मिनिटांत संपेल इतकंच, आणि खाताना सगळे मोजून घ्या. न येणारा मासा त्याच वेळी झाडाआड शोधायचा.