कस्प : दाढेवरचा आणि कमानीतला

प्रश्न : माझ्या दाढेच्या एका ‘कस्प’चा तुकडा उडाल्याचे दंतवैद्यांनी सांगितले. पुढे जुन्या इमारतींविषयीच्या एका लेखात कमानींच्या वर्णनातही हाच शब्द आढळला. दोन्ही एकच का, आणि मराठीत त्याला काय म्हणावे?

उत्तर : शब्द एकच आहे. लॅटिनमधील ‘कस्पिस’ म्हणजे टोक, विशेषतः भाल्याचे. दातांच्या बाबतीत हा अर्थ सरळ लागू पडतो : सुळ्याला एक टोक, उपदाढांना सहसा दोन, वरच्या पहिल्या दाढेला चार आणि खालच्या पहिल्या दाढेला बहुधा पाच. वरच्या दाढांचे हे उंचवटे खालच्या दाढांच्या खळग्यांत बसतात, म्हणूनच घास चिरडला जातो.

कमानीत मात्र घोटाळा हमखास होतो. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील दिवाण-ए-आमच्या कमानी किंवा युरोपातील गॉथिक चर्चच्या खिडक्या पाहिल्या, तर आतली कड लहान लहान वर्तुळखंडांनी बनलेली दिसते आणि आपण त्या खंडांना पाकळ्या म्हणतो. परंतु कस्प म्हणजे पाकळी नव्हे, तर दोन पाकळ्या जिथे मिळतात तिथे पोकळीत पुढे आलेले टोक. त्यामुळे तीन पाकळ्यांच्या कमानीत कस्प दोनच असतात आणि पाच पाकळ्यांच्या कमानीत चार. तीच तीन पाकळ्यांची नक्षी पूर्ण वर्तुळात कोरली, तर शेवटची पाकळी पहिलीला जाऊन मिळते आणि कस्पही तीन होतात. भाषांतरांत ‘कस्प’साठी सर्रास ‘पाकळी’ लिहिले जाते, ते मला चुकीचे वाटते, कारण त्याने आकृतीच उलटी होते.

हृदयात याच्या उलट स्थिती आहे. तेथील झडपेचा कस्प म्हणजे नुसते टोक नसून टोकाकडे निमुळता होत जाणारा सबंध पडदा असतो, म्हणून ‘त्रिदल झडप’ हे आपल्याकडचे नाव अगदी योग्य आहे. चंद्रकोरीच्या टोकांनाही इंग्रजीत कस्पच म्हणतात. त्यांना आपल्या ज्योतिर्गणितात ‘शृंग’ हा जुना शब्द असून, त्या टोकांच्या उंचसखलपणाच्या गणिताला ‘शृंगोन्नती’ म्हणतात.

तेव्हा दाढेसाठी ‘उंचवटा’ किंवा ‘दंताग्र’ म्हणावे, कमानीसाठी ‘पाकळ्यांमधले टोक’ असे स्पष्ट लिहावे, आणि झडपेसाठी ‘दल’ आहेच.