श्रद्धा आणि विश्वास एकच का?

'साधनेत श्रद्धा हवी असं सगळे सांगतात, मग श्रद्धा म्हणजे विश्वासच ना, दोन शब्द कशाला?' असा प्रश्न आलाय.

आधी वापर बघा. विश्वास बसतो, उडतो, आपण तो कुणावर टाकतो आणि समोरचा त्याचा घातही करतो. विश्वासघात रोजचा शब्द आहे, श्रद्धाघात कधी ऐकलाय? वाण्यावर, डॉक्टरवर, बँकेवर विश्वास असतो आणि अनुभव येईल तसा तो कमीजास्त होतो. श्रद्धेचं तसं नाही, ती ढळली तर वाणी बदलून भागत नाही, माणूस स्वतःच हलतो.

शब्दाची फोड श्रत् + धा. धा म्हणजे ठेवणं, निधान-विधान मधला. श्रत् चा अर्थ निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात, 'सत्य' दिलाय, तौलनिक भाषाशास्त्रवाले मात्र तो हृदयाच्या मूळ शब्दाशी जोडतात आणि लॅटिनमधलं 'क्रेदो' (मी मानतो) त्याच घराण्यातलं मानतात. मला हे जास्त पटतं, कारण मग अर्थ होतो जिथे जीव ठेवलाय ते. ऋग्वेदात (१०.१५१) श्रद्धेवर आख्खं सूक्त आहे आणि सुरुवातच 'श्रद्धयाग्निः समिध्यते', श्रद्धेने अग्नी पेटवतात, म्हणजे नुसतं मान्य करण्याची गोष्टच नाही, करण्याची आहे. श्राद्ध हा शब्दही यातूनच आला.

योगसूत्रात (१.२०) श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी, प्रज्ञा असा क्रम आहे. त्यावरची जुनी टीका, व्यासभाष्य, तिथे श्रद्धेला चित्ताची प्रसन्नता म्हणतं आणि ती आईसारखी योग्याला सांभाळते असं सांगतं. हे मला फार आवडतं, कारण साधना कंटाळवाणी होते तेव्हा माणूस आसनावर टिकतो तो याच्याच जोरावर, युक्तिवादाच्या नाही.

आता 'श्रद्धा आंधळी नसतेच, अंधश्रद्धा हा शब्दच चुकीचा' म्हणणाऱ्यांसाठी: गीतेचा १७वा अध्याय उघडा, तिथे सात्त्विक, राजस आणि चक्क तामस श्रद्धाही आहे. भूतप्रेतांना पूजणारेसुद्धा श्रद्धावानच, फक्त तामस.

वारकऱ्यांकडे हेच काम 'भाव' करतो, हरिपाठातलं 'भावेंवीण भक्ति भक्तीवीण मुक्ति' पाठ असेलच. शिर्डीत 'श्रद्धा'च्या जोडीला 'सबुरी' आहे, ती अरबी सब्र वरून आलेली, आणि जोडी अगदी चपखल जमलीये.

नवसाला श्रद्धा म्हणावं का? नवस बोलतात आणि फेडतात, कर्ज फेडतात तसा, त्यामुळे मी तरी त्याला विश्वासाच्या खात्यात टाकेन.