आडनाव सोडा, आधी कोंड शोधा

प्रश्न: नमस्कार, मी मॉरिशसची मराठी, वाक्वाला राहते. माझे खापरपणजोबा 1858 ला मुंबईहून जहाजाने इकडे उसाच्या मळ्यावर आले. मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून त्यांच्या नोंदीचा टाइप केलेला उतारा मिळालाय. त्यात इमिग्रंट नंबर, वडलांचं नाव रागो, जिल्हा रुटनागेरी, पेटा (म्हणजे तालुक्यासारखा भाग) सुंगमेसर आणि गाव नुसतं 'कोंड'. आमचं आडनाव सकाराम. फेसबुकवर रत्नागिरीचे सगळे ग्रुप पालथे घातले, या आडनावाचं एक माणूस मिळेना. आता काय करू?

उत्तर: ताई, आधी ते फेसबुक बंद करा बघू! सकाराम आडनावाचं कोण मिळणारच नाही, कारण ते आडनाव नाहीच, बहुतेक तुमच्या खापरपणजोबांचंच नाव आहे, सखाराम. तिकडे गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्या कितीतरी घरांत हेच झालं, रजिस्टरात स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच लागायचं आणि पुढच्या पिढ्यांना तेच चिकटलं. म्हणजे शोधायचाय सखाराम राघो, मूळ आडनाव माहीत नाही असा.

कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलंय, मोठ्याने वाचा म्हणजे कळेल, सुंगमेसर म्हणजे संगमेश्वर. नशीब समजा, नुसतं रत्नागिरी असतं तर मालवण, देवगडपर्यंत फिरावं लागलं असतं, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1981 ला.

गोची आहे ती कोंडची. कोकणात कोंड म्हणजे वाडी, वस्ती. संगमेश्वर तालुक्यात कोंड असुर्डे आहे, कोंडगाव आहे, शिवाय गावागावांतल्या वाड्यांच्या नावात कोंड असतंच. तुमच्या माणसाने पूर्ण नाव सांगितलं असेल आणि कागदावर अर्धंच उतरलं असेल. म्हणून उताऱ्यावर जाऊ नका, मूळ रजिस्टरचं पान दाखवा म्हणावं, आणि आपल्या नंबरच्या मागचे-पुढचे पाच-दहा नंबरही बघा. एका गावची माणसं बरेचदा एकत्र जहाजावर चढायची आणि नंबरही लागोपाठ पडायचे, शेजारच्याच्या रकान्यात गावाचं पूर्ण नाव असू शकतं. माझा तरी सगळा भरवसा यावरच आहे.

घरातल्या म्हाताऱ्यांना कुलदैवत विचारा, देवीचं नाव कसंही मोडकंतोडकं सांगोत, तसंच्या तसं लिहून घ्या. तुमच्याकडे गणपतीत झाकरी नाचतात ना, ती आमची जाखडीच, त्यातल्या जुन्या गाण्यांत गावदेवीचं नाव येतंय का तेही ऐका.

गाव ठरलं की मग तहसीलमधे गाव नमुना 14, म्हणजे कोतवालाने ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत न्या, नाहीतर फोटो काढून घरी येऊन डोकं धराल. सखाराम त्यात सापडणार नाही, तो आधीच गेलेला, पण मागे राहिलेल्या भावांची पोरं सापडतील, राघोचे नातू.

आणि याल तेव्हा शिमग्यात या. मुंबईचे चाकरमानी गावात असतात, पालखी घरोघर फिरते. गुरवाला आणि मानकऱ्यांना विचारा, राघोचं घर कुठलं, आणि त्यातला कोण जहाजाने गेला म्हणतात का.