गर्व, अभिमान आणि लीनता

प्रश्न असा आला आहे: ख्रिस्ती शिकवणीतल्या सात प्रमुख पापांची नावे मराठीत देताना पहिल्या पापाला कुणी 'गर्व' म्हणतात, कुणी 'अहंकार', तर कुणी 'अभिमान'. नेमका शब्द कोणता? आणि त्याच्या उलट गुणाला मराठी बायबलात 'नम्रता' न म्हणता बहुधा 'लीनता' का म्हटले आहे?

पहिल्या भागाचे माझे उत्तर 'गर्व' असे आहे. 'अभिमान' इथे घोटाळा करतो. मुलीचा, गावाचा, भाषेचा अभिमान वाटणे ही मराठीत चांगलीच गोष्ट समजली जाते, आणि बायबलाच्या मराठीतही हा शब्द चांगल्या अर्थाने आला आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी येशूचा प्रेषित पौल म्हणतो की ख्रिस्ताच्या वधस्तंभाच्या अभिमानाशिवाय दुसऱ्या कशाचाही अभिमान बाळगणे माझ्यापासून दूर राहो. म्हणजे अभिमान कशाचा, यावर सारे अवलंबून आहे. असा शब्द पापाचे नाव म्हणून ठेवला तर साध्या भाविक माणसाला स्वतःच्या कष्टांबद्दल वाटणारे समाधानही धर्मगुरूपुढच्या पापांच्या कबुलीत सांगावेसे वाटेल.

'अहंकार' नाकारण्याचे कारण वेगळे आहे. आपल्याकडे त्याला सांख्य आणि वेदान्ताची मोठी परंपरा आहे. तिथे अहंकार म्हणजे मुळात 'मी'पणाची जाणीव, आणि साधनेने ती गळून पडायची असते. ख्रिस्ती शिकवणीत 'मी' हा देवाने घडवलेला आहे, त्याने नाहीसे व्हायचे नाही. त्याने आपली पायरी ओळखायची. पायरी सोडून वर चढू पाहणे हे पाप, आणि त्याला 'गर्व' हाच शब्द बसतो. 'देव गर्विष्ठांना विरोध करतो आणि लीनांवर कृपा करतो' हे याकोबाच्या पत्रातले वचनही तोच शब्द वापरते.

यादीच्या इतिहासातही एक बारकावा आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या साधूने आठ दुष्ट विचार सांगितले. त्यात गर्व आणि लोकांकडून वाहवा मिळवण्याची हाव हे दोन वेगळे होते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी गर्वाला यादीबाहेर काढून सगळ्या पापांचे मूळ मानले आणि सातांत ती हाव ठेवली. पुढे दोन्ही एकत्र होऊन आजची यादी झाली. मराठी बायबलात या हावेसाठी फिलिप्पैकरांस पत्रात 'पोकळ डौल' असे शब्द आहेत. मूळ ग्रीक शब्दाचे दोन भागही 'पोकळ' आणि 'गौरव' असेच. इतके चपखल भाषांतर क्वचित सापडते! करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या, प्रीतीवरच्या प्रसिद्ध अध्यायातले 'प्रीती बढाई मारत नाही, फुगत नाही' हेही तसेच. तिथले ग्रीक क्रियापद हवा भरून फुगण्याचेच आहे.

आता लीनता. मूळ ग्रीक शब्द 'तापेइनोस', अर्थ खालचा, खाली असलेला. ख्रिस्तपूर्व ग्रीक लेखनात तो बहुतेक वेळा हिणवण्याचा शब्द होता, गुलामाला किंवा लाचाराला लावायचा. नव्या करारात येशू तो स्वतःला लावून घेतो. मराठीत याचे एकच रूप ठेवलेले नाही. 'मी जो मनाचा सौम्य व लीन आहे' इथे तो 'लीन' आहे. येशूची आई मरिया हिच्या गीतात देवाने 'दीनांस उंच केले' इथे तो 'दीन' आहे, आणि त्याच गीतात तिच्या स्वतःच्या स्थितीला 'दैन्यावस्था' म्हटले आहे. येशूने सांगितलेल्या परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी) आणि जकातदार (कर गोळा करणारा, लोकांच्या लेखी पापी) यांच्या दाखल्याच्या शेवटी, स्वतःला उंच करणारा 'नमवला जाईल', यातले क्रियापदही त्याच धातूचे.

मला ही विभागणी फार मोलाची वाटते. दीन म्हणजे ज्याला परिस्थितीने किंवा माणसांनी खाली दाबले आहे तो. लीन म्हणजे जो आपणहून खाली होतो तो. अहमदनगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेली बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतली होती. गावाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकवूनच ठेवले होते. त्यांना 'लीन व्हा' सांगताना 'दीन राहा' असे ऐकू गेले, तर ती शिकवण क्रूर ठरते. मरियेच्या गीताने त्यांना उलटच सांगितले: दीनाला देव उचलतो, आणि अधिपतींना राजासनांवरून ओढून काढतो. न्यूनगंडाला लीनता म्हणणे हा म्हणूनच भाषेचा आणि शिकवणीचाही विपर्यास आहे.

'नम्र' चुकीचा नाही, पण तो वागण्या-बोलण्यातला शब्द झाला आहे. 'नम्र विनंती' आपण अर्जातही लिहितो. 'लीन' मनाच्या आतल्या स्थितीकडे जातो. एक सावधगिरी मात्र हवी. संस्कृत 'ली' धातूत विरघळण्याचा अर्थ आहे, 'विलीन'मध्ये तो दिसतो. ख्रिस्ती मराठीत लीन झालेला माणूस देवात विरघळत नाही, त्याच्यापुढे झुकलेला राहतो.

परूशी आणि जकातदाराच्या त्या दाखल्यात दोघे प्रार्थना करतात; तिथला परूशी खोटे बोलत नाही, हेही पाहा. तो आठवड्यातून दोनदा उपास खरेच करतो, दशांशही देतो, आणि प्रार्थनेची सुरुवात आभारानेच करतो. पण त्याचे लक्ष शेजारच्या जकातदाराकडे आहे. जकातदार दूर उभा राहून, वर नजरही न करता, छाती बडवत एवढेच म्हणतो, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' परूश्याच्या या वृत्तीला 'अभिमान' म्हटले तर तिची धार जाते, 'अहंकार' म्हटले तर ती तत्त्वज्ञानात जाते. यादीत 'गर्व' लिहावे, त्याच्यासमोर 'लीनता', आणि 'दीन' हा शब्द ज्यांच्यावर अन्याय झाला आहे त्यांच्यासाठी राखून ठेवावा.