पुरंदरचा भूजल नकाशा ९२ टक्के अचूक आलाय, त्यावर मामांनी बोअर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की एम.टेक.साठी पुरंदर तालुक्यातल्या विहिरींवर रँडम फॉरेस्ट (पाणी असलेल्या आणि नसलेल्या जागांच्या उदाहरणांवरून शिकणारं संगणकी मॉडेल) चालवलं, अचूकता ९२ टक्के आली आणि मामांचं सासवडजवळचं रान नकाशात गडद निळं, म्हणजे पाण्याची शक्यता जास्त असलेलं, दिसतंय. तर बोअर घ्यावा का? इतक्यात नको.

आधी सांगा, ‘पाणी नाही’ असे बिंदू कुठून आणलेत? बहुतेक जण जिथे विहीर नाही अशा जागा संगणकाकडून तालुकाभर उधळून घेतात आणि ‘कोरड्या’ म्हणून देतात. त्यातल्या कितीतरी डोंगरउतारावर पडतात. मग मॉडेल काय शिकतं? डोंगर आणि सपाटी ओळखायला. तेवढं शेळ्या राखणाऱ्या पोरालाही कळतं, आणि तुमच्या ९२ टक्क्यांतला बराच वाटा तिथूनच आलेला असणार. त्यात माणसं विहीर पाणी असेल तिथे खोदतात असंही नाही. स्वतःची जमीन, वीज आणि रस्ता असेल तिथे खोदतात.

माझा पहिला नकाशा असाच होता. ‘रस्त्यापासूनचं अंतर’ हा घटक मॉडेलने सगळ्यांत वर काढला, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. उलट एका ओळखीच्या शेतकऱ्याला गडद निळ्यातली जागा दाखवून मोकळा झालो. रात्री बोअरची गाडी लागली. वीसेक फूट मुरूम, मग राखाडी पीठ. दर रॉडला ढिगाचा रंग बदलतोय का, हे बघत मी बॅटरी घेऊन उभा. मध्येच थोडा लालसर गेरू आला, तोही सुका. ‘काळा पाषाण आहे साहेब, थांबू या का?’ असं बोअरवाल्याने साठ फुटांवरच विचारलं होतं. मी तीनशेपर्यंत नेला. नुसता फुफाटा. फुटाच्या भावाने पैसे शेतकऱ्याचे गेले, आणि बांधापलीकडे शंभर पावलांवर दीड इंची पाणी चालू होतं.

आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये हे नेहमीचंच. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत. अखंड पाषाण पाणी धरत नाही. पाणी मिळतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात (बारीक पोकळ्यांच्या सच्छिद्र खडकात), दोन थरांच्या सांध्यात, नाहीतर भेगेत. भेग हातभर, आणि उंचीच्या फुकट मिळणाऱ्या उपग्रह-माहितीचा एक चौकोन ३० मीटरचा! डाईक (थरांना छेदून उभी घुसलेली खडकाची भिंत) असेल तर आणखी गंमत: बऱ्याचदा वरच्या अंगाला पाणी अडतं, खालच्या अंगाला ठणठणाट, आणि नकाशात दोन्हीकडे रेषांची (उपग्रहचित्रात दिसणाऱ्या भेगांच्या खुणांची) घनता सारखीच.

मग नकाशा फेकून द्यायचा का? अजिबात नाही, पण चाचणी बदला. शेजारशेजारच्या विहिरी शिकवणीत आणि परीक्षेत वाटल्या गेल्या, तर पेपर आधीच फुटलेला असतो. एक अख्खं पाणलोट बाजूला ठेवा, उरलेल्यांवर शिकवा आणि मग बघा. आकडा घसरेल, तोच गाइडना दाखवा. पाणीपातळी कुठल्या महिन्याची घेतलीत तेही तपासा, ऑक्टोबरची विहीर आणि मेमधली विहीर एक नव्हे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, त्या नोंदी मिळवा. हेच मॉडेल पुढे दौंड-इंदापूरकडे नेलंत तर खडकवासल्याचा कालवा विसरू नका. तिथल्या कित्येक विहिरींना कालव्याचा पाझर असतो आणि मॉडेल त्याचं श्रेय मातीला देऊन बसतं.

सगळ्यांत मोलाचे म्हणजे फेल गेलेले बोअर. ते फारसे कुठे नोंदलेले नसतात, बोअरवाल्यांच्या डोक्यात असतात. सासवडला दोन दिवस चहा पाजा आणि जागा, खोली, कितव्या फुटाला काय लागलं, सगळं लिहून घ्या.

मामांच्या रानात नकाशावरून दोन-तीन जागा काढा आणि तिथे रेझिस्टिव्हिटी (जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा विरोध मोजायची चाचणी) करून घ्या. नारळ घेऊन पाणाड्या येईलच, त्याच्याशी वाद घालू नका. त्याने आजवर दाखवलेल्या जागांपैकी कोरड्या किती गेल्या, तेवढं मामांकडून काढून घ्या. त्या जागाही तुमच्या ‘पाणी नाही’च्या यादीत लागतील.