इराणमध्येच जन्मलेल्या बहाई धर्माच्या अनुयायांना तिथे परके का मानले जाते?
कारण १९७९ च्या राज्यघटनेने इराणची राष्ट्रीय ओळख शिया इस्लामशी बांधली आणि मान्यताप्राप्त अल्पसंख्याकांत बहाईंना स्थानच ठेवले नाही. घटनेच्या तेराव्या कलमानुसार झरतुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती एवढेच समुदाय अल्पसंख्याक ठरतात. हे तिन्ही धर्म इस्लामपूर्व आहेत, तर बहाई धर्म एकोणिसाव्या शतकातला असून मुहंमद पैगंबरांनंतरही ईश्वरी प्रेषित येतात असे मानतो, आणि धर्मगुरूंच्या लेखी हेच पाखंड आहे. बहाईंचे जागतिक केंद्र आजच्या इस्रायलमधील हैफा येथे असल्याने त्यांच्यावर इस्रायलशी हातमिळवणीचा आरोपही सर्रास होतो. परंतु बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांना ऑटोमन सत्तेने १८६८ मध्ये कैदी म्हणून जवळच्याच अक्का शहरात आणले होते आणि इस्रायलची स्थापना १९४८ ची आहे, हा ऐंशी वर्षांचा फरक आरोप करणारे सोयीस्करपणे विसरतात. या वगळण्याचा परिणाम अगदी अर्जाच्या रकान्यापर्यंत पोहोचतो: २०२० मध्ये राष्ट्रीय ओळखपत्राच्या अर्जातून ‘इतर धर्म’ हा पर्याय काढण्यात आला, त्यामुळे आपला धर्म नाकारणे तत्त्वतः अमान्य असलेल्या बहाई व्यक्तीपुढे खोटे लिहिणे किंवा ओळखपत्राविना राहणे एवढेच मार्ग उरले. मात्र सगळा दोष केवळ १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतरच्या राजवटीवर टाकता येणार नाही, कारण त्याआधीच्या शहांच्या, म्हणजे इराणच्या राजांच्या काळातही, १९५५ मध्ये, तेहरानमधील बहाई केंद्राचा घुमट पाडण्यात आला होता आणि त्यात लष्करी अधिकारीही सामील होते.